बारावी खोड

१४ नोव्हेंबर

काट्या,

अक्षर ओळखलं असशीलच. गचके खात चालणारं, पहिल्यापासून असंच आहे. फाडून टाकायचं तर टाक, पण आधी एवढं वाच की घरी सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे दोघंच. तुझ्या ताईचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. डोळ्यांचं मात्र खरं नाही. उजवा गेला. डाव्याने माणूस ओळखते, पण डॉक्टर म्हणाले की उन्हाळ्यापर्यंत तोही जाईल, काही करता येण्यासारखं नाही. माझा डावा पाय आहे तसाच. थंडीत दुखतो, बाकी वेळी नुसता मागून येतो.

एकतीस वर्षांनी पत्र लिहायचं निमित्त म्हणजे आत्याबाई सापडली.

हो, तीच. लांब नाकाची, जरा मनाविरुद्ध झालं की फुगून बसणारी आपली लाकडं वाहणारी गाडी. मालकाच्या नातवाने जुन्या शेडचे पत्रे उतरवले तर आत उभी, चाकं मातीत, टपावर कबुतरांचा संसार. भंगारात जायची, पण इथल्या तंत्रशाळेच्या मास्तरांनी मागून नेली, मुलांना जुनं डिझेल इंजिन उघडून दाखवायला. महिनाभर खपून त्यांनी पंप साफ केला, नळ्या बदलल्या, आणि परवा थेट माझ्या दारात. म्हणे, "काका, ही गाडी तुम्ही चौदा वर्षं चालवलीत. तिच्या खोडी लिहून द्या."

मी म्हटलं, मास्तर, खोडी लिहून देत नाहीत, सांगतात. किल्ली देणाऱ्याचा एक हात बॉनेटवर, किल्ली दुसऱ्या हातात. तो एकेक खोड सांगणार, घेणारा बोटांवर मोजत ती परत म्हणणार. सगळ्या झाल्या की घेणारा विचारणार, "आणखी?" देणारा म्हणणार, "बस्स." मग किल्ली. तुला काय सांगायचं, तूही माझ्यासमोर असाच उभा होतास, नवा शर्ट घालून, जसा काही मुलगी बघायला आलायस.

मास्तरांना मजा वाटली. ते म्हणाले, मग तसंच करू. आता मी रोज बसून आठवतोय. डोकं म्हणजे जुनी टाकी झालीय रे, तळाशी नुसता गाळ. मला सांग, दुसरा गिअर निसटायचा तेव्हा आपण गुडघा लावायचो की दोरी बांधायचो? मी म्हणतो गुडघा. आणि उतारावर हॉर्न आपोआप वाजायचा तो डावीकडे वळताना की उजवीकडे? तू माझ्या हाताखाली नवीन असताना एका म्हातारबुवांच्या कानाशी वाजला आणि त्यांनी छत्री घेऊन तुला टपापर्यंत पळवला, ते वळण कुठलं होतं?

एवढंच विचारायला लिहिलं. तुझा पत्ता तुझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून घेतला. ताईने ती कपाटात, घड्यांखालच्या कागदाखाली ठेवलीय. लग्नाला आली नाही, पण पत्रिका टाकलीही नाही. तू पाणीपुरवठ्याच्या पंपावर दाबाचे काटे बघत बसतोस म्हणे. ऐकून हसू आलं. गाडीवरही तू रस्त्यापेक्षा काटेच जास्त बघायचास, म्हणून तर सगळे तुला काट्या म्हणायला लागले.

मी पत्र लिहितोय हे ताईला माहीत नाही.

खाली काय लिहू कळत नाही. घरात दाजी म्हणायचास, गाडीवर उस्ताद. तुला हवं ते समज.

२ डिसेंबर

काट्या,

तुझं उत्तर नाही. नसणारच. पोस्टमन दिसला की मी उगाच दाराशी जातो, ताई विचारते कोणाची वाट बघताय, मी म्हणतो पेन्शनचा कागद. खोटं बोलायला मला कधी अडचण आली नाही.

काल तंत्रशाळेत गेलो. आत्याबाईभोवती दोन फेऱ्या मारल्या रे. रंग गेलाय, दिव्याच्या जागी खोबण्या, पण वास तोच. डिझेल, जुनं रबर आणि तापलेला रंग. मी बॉनेटवर हात ठेवला तर हात आपोआप डाव्या कडेला गेला. तिथे एक पोचा आहे, आपण डबा गरम करायला इंजिनावर ठेवायचो आणि घाईत झाकण आदळायचो, त्याचा.

मास्तर बोटं मोडून तयार. मी सुरू झालो.

म्हटलं, थंडीत सकाळी ही उठत नाही. हवेच्या गाळणीशी पेटतं फडकं धरायचं, गरम हवा आत गेली की खोकून सुरू होते. सुरू झाली की दहा मिनिटं ठोकते, कोणी दारावर मुठी मारल्यासारखी. घाबरायचं नाही. न ठोकता सुरू झाली तर घाबरायचं. टाकी पावपेक्षा खाली गेली की ती हवा पिते, मग पंपाचा नट सैल करून हाताने पंप मारत बसायचं, बुडबुडे संपेपर्यंत. तुला आठवतं, तू एकदा नट जास्त सैल केलास आणि तोंड डिझेलने धुतलं गेलं, दोन दिवस चहाला तीच चव. पाण्याचा काटा खोटारडा, गार असताना उकळतोय म्हणतो. बंद करायची तार तुटलेली, म्हणून इंजिन बंद करायचं तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा, गुदमरून बंद पडते. स्टार्टरला पान्याच्या दांड्याने एक हलकी टिचकी. हलकी, हां. जोरात मारली की दिवसभर रुसते. गुडघ्याचं सांगितलं, हॉर्नचं सांगितलं, वळण डावंच धरलं, आणखी तीन बारीकसारीक सांगितल्या. मास्तर शाळकरी मुलासारखे परत म्हणत होते. मला बोलताना इतकं बरं वाटत होतं काट्या, की पाय दुखतोय हेसुद्धा विसरलो. चौदा वर्षं एका सीटवर बसलो, इंजिनाच्या धगीने तळव्यांची कातडी जाड झाली, उजव्या कानाने ऐकू यायचं कमी झालं, आणि हे सगळं कोणी आवडीने ऐकतंय हे पहिल्यांदाच. घरी सांगायला जावं तर तुझी ताई म्हणते, पुरे, त्या गाडीचं नाव काढू नका.

अकरा झाल्या. मास्तरांची दहा बोटं संपली, अकराव्याला त्यांनी नाकाला हात लावला. मग म्हणाले, "आणखी?"

मी म्हटलं, "बस्स."

त्यांनी हात पुढे केला आणि मी किल्ली दिली. तीच जुनी, शेडमध्येच खुंटीला होती.

घरी आलो. ताईने चहा ठेवला, तो गार झाला. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं दमलो. दमलो हे खरंच होतं. तुलाही मी त्या दिवशी "बस्स"च म्हणालो होतो. तूही असाच हात पुढे केला होतास.

मास्तर शनिवारी तिला सुरू करणार आहेत. स्टार्टर धड नाही, म्हणून शाळेच्या मागच्या चढावर उभी केलीय, नाक वर करून. उतारावर सोडून देऊ, चाकांच्या जोरावर सुरू होईल म्हणतात. मागे भिंत आहे. भिंतीपाशी मुलं वह्या घेऊन उभी राहणार.

गिरणीवरच्या त्या अपघाताच्या चौकशीत तू एकच सांगत राहिलास, "मी पहिलाच टाकला होता, आणि ऑइलचा काटा शून्यावर होता." सगळे हसले. म्हणाले काट्याला काटाच दिसणार. पहिला गिअर टाकला तर भरलेली गाडी मागे जाईल कशी? रिव्हर्स पडला असणार, घाबरून कबूल करत नाही. मालक हसला, गिरणीचा मुकादम हसला. मी दवाखान्यात होतो, मला नंतर कळलं.

पुढचं आज लिहवत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

काट्या,

आज सकाळी गेलो. रिक्षा मिळेना, अर्धा रस्ता चालत. पोचलो तेव्हा मास्तर स्टिअरिंगवर चढले होते आणि एक जण चाकाखालचा दगड काढायला वाकला होता. मी काठी आपटून ओरडलो. मला वाटलं नव्हतं माझा आवाज अजून एवढा आहे. सगळे थांबले. मास्तर खाली आले, मला वाटतं त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, "मास्तर, एक राहिली. बारावी."

त्यांना सांगितली ती तशीच तुला सांगतो. तुला आधी सांगायची होती. एकतीस वर्षांपूर्वी, किल्ली देताना.

हे इंजिन उलटं फिरतं. चढावर पहिल्या गिअरमध्ये बंद पडली आणि क्लच दाबायच्या आत गाडी फूटभर मागे घसरली, की चाकं इंजिनाला उलटं फिरवतात. पेट्रोलची गाडी असती तर नुसती धडपडली असती. पण ही जुनी डिझेलं अशी निर्लज्ज की उलटी फिरवली तरी पेट घेतात. मग सगळंच उलटं. सायलेन्सर हवा आत ओढतो, धूर हवेच्या गाळणीतून बॉनेटखाली येतो. ऑइलचा पंप उलटा फिरतो म्हणून काटा शून्यावर. आवाज जरा घोगरा, पण इंजिन चालू. ड्रायव्हरला वाटतं, वाचली, बंद पडलीच नाही. तो पहिला टाकून क्लच सोडतो, आणि गाडी मागे जाते.

तू पहिलाच टाकला होतास. काटा शून्यावरच होता.

मला कसं माहीत, तर माझ्या बाबतीत झालं होतं. तुला किल्ली द्यायच्या चार महिने आधी. जंगलातल्या डेपोच्या चढावर, मी एकटा. बॉनेटखालून धूर आला, मला वाटलं आग लागली, पटकन वर घ्यावी म्हणून पहिला टाकला आणि मागच्या बांधावर जाऊन आदळलो. मागची फळी फुटली. परत येऊन सांगितलं ओंडका घसरला. आपल्या फिटरला एकट्याला गाठून गोष्टी गोष्टीत विचारलं, की बाबा, इंजिन उलटं चालू होतं का कधी? तो म्हणाला, होतं की, पण कच्च्या ड्रायव्हरच्या हातात. पक्का असेल तो मागे घसरूच देत नाही.

झालं. वीस वर्षं गाडीवर, सगळे उस्ताद म्हणणारे, आणि मी कच्चा! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. मला नवी गाडी मिळाली, आत्याबाई तुला. तू बॉनेटसमोर उभा राहून बोटं मोजत होतास, डोळे असे मोठे करून, आणि मला वाटलं हिची ही खोड सांगितली तर हा विचारणार, तुम्हाला कसं कळलं दाजी? तुझ्या नजरेत उतरायचं नव्हतं मला. बास, एवढ्याशा गोष्टीसाठी. दुसरं काही कारण असतं तर मला तरी बरं वाटलं असतं.

त्या दुपारचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूचं नाही. माझी नवी गाडी फिटरकडे होती म्हणून मी तुझ्यासोबत आलो. लाकडाच्या गिरणीचा चढ, फाटक बंद, गाडी गचका खाऊन किंचित मागे आली आणि तू ब्रेक लावलास. मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. फाटक उघडलं. मी ओरडलो, "घे!" ओरडलो मी, काट्या. तू माझ्या शब्दावर क्लच सोडलास. आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यावरचं फडकं घसरलं, सायलेन्सरच्या तोंडाशी गेलं आणि तिथेच चिकटलं. आत ओढलं जात होतं. मी बघितलं, मला कळलं, आणि दुसरं काही ओरडायच्या आत दगडावरून चाक माझ्या डाव्या पायावर आलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी फिटर आला. इमानी माणूस. खाटेपाशी बसून म्हणाला, "पोरगा म्हणतोय काटा शून्यावर होता. मला शंका येतेय. तुझ्या हातात असताना ही कधी उलटी चालू झाली होती का?"

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

माझं एवढंच बोलणं झालं. तो उठून गेला, तुझं लायसन गेलं. मला पायाकडे बघून मालकाने डेपोत बसून चिठ्ठ्या फाडायचं काम दिलं. सगळे मला बिचारा म्हणायचे, आणि मी म्हणू दिलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग मुलांना भिंतीपासून लांब केलं, गाडीचं तोंड फिरवून उताराकडे केलं, आणि मग सुरू केली. सुरू झाली. ठोकली दहा मिनिटं. मी बघायला थांबलो नाही.

तू मला माफ कर असं लिहिणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर या पत्राचा बोळा करून पंपाच्या नटाला लावला असता.

२३ डिसेंबर

काट्या,

तुझं कार्ड पोचलं. बरं झालं मीच दाराशी होतो. ना मायना, ना सही. एकच ओळ: "ताईला सांगितलं का?"

नाही सांगितलं.

कार्ड खिशात घेऊन हिंडतोय. सोमवारी सांगणार होतो, तर तिला सर्दी झाली. मंगळवारी शेजारीण येऊन बसली. बुधवारी काहीच आडवं आलं नाही, तर मीच नळ गळतोय म्हणून नळ उघडून बसलो. वॉशर बदलला. नळ गळत नव्हता.

तुला उस्ताद म्हणून काय काय शिकवलं मी. चढावर गिअर आधी टाक, मागून टाकू नकोस. अडचण दिसली की वेग लांबूनच कमी कर. आणि स्वतः बघ.

मला भीती वाटते रे. एकाहत्तर वर्षांचा झालो. तिने तोंड फिरवलं तर मी कुठल्या गॅरेजला जाणार? माझ्या गोळ्या तिला पाठ आहेत, डबीवरचं दिसत नाही तरी आकारावरून देते. बूट घालताना डावा पाय तिच्या मांडीवर ठेवावा लागतो. त्या पायाची तिने एकतीस वर्षं सेवा केली आणि दर वेळी तुझ्या नावाने दात खाल्ले.

एक गोष्ट मागच्या पत्रात लपवली. एवढं सगळं ओकलो, तरी तेवढी मागे ठेवलीच. कुत्र्याचं शेपूट. तू दवाखान्यात आलास आणि ती दारात आडवी उभी राहिली. तू म्हणत होतास, "ताई, शपथ घेतो, मी पहिलाच टाकला होता." ती म्हणाली, "माझ्या माणसाचा पाय घेतलास. पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस." नर्सने सांगितलं होतं ना, पेशंट झोपलाय?

मी जागा होतो. डोळे मिटून पडलो होतो. एक शब्द पुरला असता, नुसता "अगं" म्हटलं असतं तरी ती वळली असती. तुझ्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकला.

उद्या सांगतो. हे तारखेनिशी लिहून ठेवतो म्हणजे मला पळता येणार नाही.

४ जानेवारी

हे पत्र तुझी ताई सांगतेय आणि मी लिहितोय. तिला लिहायला दिसत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही अशी ताकीद आहे. पत्र टाकण्याआधी ती मास्तरांकडून वाचून घेणार आहे. माझ्यावर विश्वास नाही हेही लिहा म्हणाली. लिहिलं. आता ती बोलते.

छोट्या,

मी तुझी ताई. हे समोर बसलेत मान खाली घालून. यांचं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

मंगळवारी दुपारी मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हे येऊन उभे राहिले, म्हणाले बस. मी बसलेलीच होते. मग यांनी सगळं सांगितलं, ते इंजिन काय, फडकं काय. इंजिनातलं मला काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मी घड्या घालत राहिले. एकच विचारलं, मी दवाखान्यात त्याला बोलले तेव्हा तुम्ही जागे होता का? हे म्हणाले, हो.

मग मी घड्या घातलेले सगळे कपडे उचलून यांच्या अंगावर फेकले. हेही लिहा. लिहिलंत?

यांना वाटतं पाय गेला. पाय यांचा होता, यांनी त्याचं काय वाटेल ते करावं. भाऊ माझा होता. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, माझ्या कडेवरून उतरायचा नाहीस. तुझी मुलगी जन्मली, शाळेत गेली, बोहल्यावर चढली, आणि मी तिचं तोंड पाहिलं नाही. लग्नाच्या दिवशी मी सकाळी तयार होऊन बसले होते. यांनी विचारलं कुठे निघालीस. मी म्हटलं कुठे नाही, आणि उठून कपडे बदलले. तेव्हाही यांना तोंड होतं.

पण छोट्या, सगळं यांच्या डोक्यावर थापून मी मोकळी होणार नाही. तू दारात शपथ घेऊन सांगत होतास. लहानपणी काच फोडलीस तरी येऊन सांगायचास, तू खोटं बोलणारा नव्हेस हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी तरी दार लावलं. यांनी डोळे मिटले आणि मी दार लावलं. ते माझं मी भोगते.

यांच्याशी मी सध्या बोलत नाही. हे पत्र सांगणं म्हणजे बोलणं नव्हे, हे यांनाही सांगितलंय. गोळ्या देते, बूट घालून देते. पाय मांडीवर ठेवताना हे रडतात, मला त्याचा वैताग येतो.

तू ये. दुपारच्या बसने ये, ती रिकामी असते. स्टँडवर हे येतील घ्यायला, चालत. रिक्षा करायची नाही म्हणून सांगितलंय. लांब आहे, पायाला त्रास होईल, होऊ दे. तुला यांच्याशी बोलायचं असेल तर बोल, नसेल तर दोन पावलं पुढे चाल, मी काही म्हणणार नाही. उन्हाळ्याच्या आत ये. डाव्या डोळ्याने मला अजून माणूस दिसतं, खिडकीपाशी उजेडात उभं केलं तर.

तुमच्यात म्हणे किल्ली देताना खोडी सांगायची रीत आहे. मग माझ्याही ऐकून ठेव, म्हणजे दारात गडबडायचा नाहीस. एकतीस वर्षांपूर्वीची ताई डोक्यात घेऊन येऊ नकोस. केस गेलेत, जे आहेत ते पांढरे. उजव्या बाजूने बोललास तर मला दिसत नाही, डावीकडे बस. उठायला वेळ लागतो, हात द्यायला धावू नकोस, राग येतो. तोंड अजून सुटतं, मागच्यासारखं भलतंच काही बोलून गेले तर या वेळी निघून जायचं नाही, खुर्ची ओढून बसायचं. एकच गोष्ट चार वेळा विचारते. तुझ्या मुलीबद्दल तर दहा वेळा विचारीन, दहाही वेळा पहिल्यापासून सांग. रडायला लागले तर थांबवायला जाऊ नकोस, आपोआप बंद होते.

मोज बोटांवर. तू विचारशील, आणखी?

बस्स. मागे ठेवलेली एकही नाही.